लेड झेपेलिनच्या आठ तबकड्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आवडत्या गोष्टींना क्रमांक लावण्याचा खेळ आपण सगळेच खेळतो. कुणी पु. लं.च्या पुस्तकांना लावतो, कुणी सचिनच्या शतकांना. चार माणसं जमली की त्यावरून वादही ठरलेला. आज मी हाच खेळ लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडच्या तबकड्यांशी खेळणार आहे. स्टुडिओत केलेल्या त्यांच्या आठ तबकड्या, आठव्या क्रमांकापासून पहिल्यापर्यंत. ज्यांना या संगीताशी काही देणंघेणं नाही, त्यांनी लगेच रेडिओ बंद करू नये ही विनंती. कारण या क्रमवारीत एक प्रश्न अडकलेला आहे आणि तो आपल्या गाण्यालाही लागू आहे. गाणं फक्कड जमलंय. पण ते ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव तबकडीवर नाही. अशा गाण्याला गुण किती द्यायचे?

आपल्या जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं काढून बघा. 'सौभद्र' काढा. पदाच्या डोक्यावर कंसात छापलेलं असतं, 'चाल' अमुक. म्हणजे ही चाल माझी नाही, ती या गाण्यावरून घेतली आहे, हे नाटककार वाचकाला आधीच सांगून टाकतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही आणि पदाची गोडीही त्यामुळे उणावत नाही. ही छोटीशी कंसातली ओळ मनात ठेवा. आपल्याला ती पुढे लागणार आहे.

आधी या मंडळींची ओळख. १९६८ साली लंडनमध्ये चौघे एकत्र आले. जिमी पेज हा गिटारवादक, तोच तबकड्यांचा निर्माता. जॉन पॉल जोन्स बास गिटार आणि कीबोर्ड वाजवायचा. हे दोघं स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ करून तयार झालेले. रॉबर्ट प्लांट गायक आणि जॉन बॉनम ड्रमवादक. ही दोघं इंग्लंडच्या मध्य भागातून आलेली, जेमतेम विशीतली पोरं. १९६९ ते १९७९ या काळात त्यांनी आठ तबकड्या केल्या. २५ सप्टेंबर १९८० रोजी बॉनम वारला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. उरलेल्या तिघांनी त्याच डिसेंबरमध्ये जाहीर केलं, की आता पुढे नाही. दुसरा ड्रमवादक आणून दुकान चालू ठेवणं त्यांना सहज जमलं असतं. ते त्यांनी केलं नाही. १९८२ साली शिल्लक गाण्यांची 'कोडा' नावाची तबकडी निघाली, ती मी या हिशेबात धरत नाही.

माझ्या कसोट्या तीन. पहिली, तबकडी एका बैठकीत पूर्ण ऐकवते का? दुसरी, चौघेही ऐकू येतात का? इथे माझा एक पक्षपात सांगून ठेवतो. लहानपणी मी सहा वर्षं तबला शिकलो, त्यामुळे माझा कान आधी ठेक्याकडे जातो आणि बॉनमला नकळत दोन गुण जास्त मिळतात. तिसरी कसोटी त्या कंसातल्या नावाची.

आठव्या क्रमांकावर 'इन थ्रू द आउट डोअर', ऑगस्ट १९७९. या तबकडीच्या आधी प्लांटवर आभाळ कोसळलं होतं. जुलै १९७७ मध्ये त्याचा पाच वर्षांचा मुलगा गेला. नंतर ही माणसं स्टॉकहोमला, आबा या स्वीडिश गटाच्या स्टुडिओत जमली. पेज आणि बॉनम दोघांचीही तब्येत आणि सवयी तेव्हा बिघडलेल्या होत्या. बरंचसं काम जोन्स आणि प्लांट यांनी ओढलं. सातपैकी दोन गाण्यांच्या रचनेत पेजचं नावच नाही. एरवी बँडच्या स्वतःच्या रचनांमध्ये असं कधी घडलं नव्हतं. त्यातलं 'ऑल माय लव्ह' हे त्या गेलेल्या मुलासाठी. ते मी कधीच अर्ध्यावर बंद करू शकत नाही. 'फूल इन द रेन'मध्ये बॉनमने धरलेला झुलता ठेका ऐकला की माणूस शेवटच्या तबकडीवरही नवं शिकत होता हे कळतं. तरीही चौघांची बैठक मोडली आहे हे लपत नाही, म्हणून आठवा. गंमत म्हणजे हिची सहा वेगवेगळी मुखपृष्ठं होती आणि तबकडी खाकी कागदी पिशवीत विकली जायची. घरी जाऊन पिशवी उघडेपर्यंत आपल्याला कोणतं मिळालं ते कळायचं नाही.

सातवी 'प्रेझेन्स', मार्च १९७६. ऑगस्ट १९७५ मध्ये ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर प्लांटच्या मोटारीला भीषण अपघात झाला. ही तबकडी त्याने म्युनिकच्या स्टुडिओत चाकाच्या खुर्चीत बसून गायली आणि जेमतेम तीन आठवड्यांत ती पुरी झाली, कारण पुढची तारीख रोलिंग स्टोन्सची होती. कीबोर्ड नाही, नाजूकपणा नाही, सगळा भार गिटारवर. पहिलंच गाणं 'अकिलीज लास्ट स्टँड' दहा मिनिटांच्या वर चालतं आणि पेज त्यात गिटारवर गिटार चढवत जातो. खाली बॉनम असा सुटलेला असतो की ऐकणाऱ्याची दमछाक व्हावी. एवढ्या एका गाण्यासाठी तबकडी घरात असावी. पण एका बैठकीत ऐकताना चौथ्या-पाचव्या गाण्यापाशी एकसुरीपणा जाणवतो. शिवाय 'नोबडीज फॉल्ट बट माइन' हे मुळात ब्लाइंड विली जॉन्सन या अंध कृष्णवर्णीय गायकाने १९२७ साली ध्वनिमुद्रित केलेलं भजन. तबकडीवर मात्र नावं पेज आणि प्लांट यांची.

आता सहावी, आणि इथेच पत्रांचा पाऊस पडणार. सहाव्या क्रमांकावर मी 'लेड झेपेलिन टू' ठेवतो. ऑक्टोबर १९६९ची ही तबकडी अमेरिकेत बीटल्सच्या 'ॲबी रोड'ला खाली ओढून पहिल्या क्रमांकावर गेली होती. दौऱ्यावर असताना, मिळेल त्या गावच्या स्टुडिओत, तुकड्यातुकड्याने केलेली, आणि तरी 'होल लोटा लव्ह'ची सुरुवात ऐकली की अंगात वीज जाते. मग सहावा क्रमांक का?

आमच्या पिढीतल्या अनेकांनी हे संगीत कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतलेलं ऐकलं. वर बॉलपेनने बँडचं नाव, बास. मूळ कॅसेट हातात आली ती पुढे, मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये. हे दुकान २०१६ साली बंद झालं. तिथे उभ्या उभ्या आतला कागद वाचायची सवय लागली. त्यांच्या पहिल्या तबकडीच्या कागदावर दोन गाण्यांपुढे विली डिक्सन असं नाव होतं. हा कोण, म्हणून शोध घेतला. तो निघाला शिकागोचा ब्लूज रचनाकार. त्याच्यामागून मडी वॉटर्स सापडला, हाउलिन वुल्फ सापडला आणि एक आख्खं घराणं माझ्यासमोर उघडलं. कंसातल्या एका नावाने मला तिथे पोचवलं.

दुसऱ्या तबकडीने हा रस्ता माझ्यापुरता बंद ठेवला. 'होल लोटा लव्ह'चे शब्द मोठ्या प्रमाणात डिक्सनच्या 'यू नीड लव्ह'वरून आलेले आहेत. मडी वॉटर्सने ते गाणं १९६२ साली गायलं होतं. १९६९च्या तबकडीवर डिक्सनचं नाव कुठेच नव्हतं. १९८५ साली तो न्यायालयात गेला, १९८७ साली तडजोड झाली आणि आता त्याचं नाव छापलं जातं. त्याच तबकडीवरच्या 'द लेमन साँग'मध्ये हाउलिन वुल्फच्या 'किलिंग फ्लोअर'मधलं बरंच काही आहे. तेही प्रकरण पुढे तडजोडीने मिटलं आणि त्याचं नाव आलं.

काही मित्र म्हणतात, ब्लूज ही परंपराच आहे. तिथे प्रत्येकजण दुसऱ्याकडून घेतो, आपल्याकडे नाही का एकच बंदिश दहा गवई गात? मान्य. पण आपली बंदिश गाणारा गवई ती माझी असं म्हणत नाही. सदारंगाचं नाव तर बंदिशीच्या शब्दांतच ओवलेलं असतं, अडीचशे वर्षांहून अधिक काळ गवई ते तोंडाने उच्चारतात. शिवाय ब्लूज गाणारी माणसं एकमेकांकडून घेत होती तेव्हा सगळेच फाटके होते. इथे घेणाऱ्याच्या लाखो तबकड्या विकल्या जात होत्या आणि नाव छापणं म्हणजे पैसे पोचवणं होतं. म्हणून कानाने तिसरा दिलेला क्रमांक मी माझ्या हिशेबात सहावा करतो.

पाचवी 'हाउसेस ऑफ द होली', मार्च १९७३. मुखपृष्ठावर उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावरचे ते षटकोनी खडक, जायंट्स कॉजवे. ही त्यांची सर्वांत प्रसन्न तबकडी. 'द रेन साँग' पावसासारखंच हळूहळू भरून येतं. 'नो क्वार्टर' हे जोन्सचं राज्य. त्याच्या कीबोर्डचे सूर पाण्याखालून आल्यासारखे वाटतात. मध्येच रेगे, मध्येच जेम्स ब्राउनच्या धाटणीची थट्टा. या दोन थट्टा मला तिसऱ्या वेळी ऐकताना जड जातात, म्हणून पाचवा क्रमांक. आणि 'हाउसेस ऑफ द होली' नावाचं गाणं या तबकडीवर नाहीच, ते पुढच्या तबकडीवर आहे. हा विनोद त्यांनाच सुचावा!

चौथी, त्यांची पहिली तबकडी, 'लेड झेपेलिन', जानेवारी १९६९. एकत्र येऊन काही आठवडे झालेल्या चौघांनी लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत साधारण छत्तीस तासांत ती उरकली. मुखपृष्ठावर १९३७ साली जळून कोसळलेलं हिंडेनबर्ग हे हवाई जहाज. पहिल्याच गाण्यात बॉनम एका पायाने ड्रमवर असे तिहेरी बोल काढतो की भल्याभल्यांना वाटलं, याच्याकडे दोन पायपट्ट्या असणार. 'ब्लॅक माउंटन साइड'मध्ये चक्क तबला आहे, विराम जसानी यांनी वाजवलेला. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला घरचं माणूस परदेशी स्टेशनवर भेटावं तसं झालं.

पण नावांचा हिशेब इथेही आहे. डिक्सनची दोन गाणी त्याच्या नावासह आहेत, हे सांगितलंच. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' मात्र जेक होम्सने १९६७ साली ध्वनिमुद्रित केलेलं गाणं. २०१० साली तो न्यायालयात गेला आणि प्रकरण तडजोडीने मिटलं. आणि ज्या तबल्याच्या गाण्याने मी हरखलो, त्याची गिटार बर्ट जान्श या स्कॉटिश वादकाने एका लोकगीतासाठी बसवलेल्या चालीशी फारच जवळची आहे. त्याचं नाव तिथे नाही. विशीतल्या पोरांची ही घाई होती असं म्हणून मी अर्धा गुण परत देतो. चौथा क्रमांक.

तिसरी 'लेड झेपेलिन थ्री', ऑक्टोबर १९७०. सगळं जग आणखी एक 'होल लोटा लव्ह' मागत होतं. पेज आणि प्लांट वेल्समधल्या डोंगरावरच्या एका झोपडीवजा घरात जाऊन राहिले. वीज नाही, नळ नाही. तिथे शेकोटीपाशी साध्या गिटारवर गाणी झाली. तबकडीची दुसरी बाजू जवळजवळ पूर्ण त्या साध्या गिटारची. समीक्षक नाराज झाले, विक्रीही आधीच्या मानाने उतरली. माझ्या मते याच तबकडीने बँड वाचला. हे फक्त गोंगाट करणारे नाहीत हे आधी त्यांना स्वतःला कळलं. 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' हा त्यांचा स्वतःचा संथ ब्लूज मन लावून ऐका. बॉनमच्या पायपट्टीची करकर स्पष्ट ऐकू येते. तेल घालून पुन्हा वाजवता आलं असतं. ठेवली तशीच, कारण तसा सूर पुन्हा लागला नसता.

याच तबकडीवरच्या 'फ्रेंड्स'मुळे आपला धागा जुळतो. १९७२ साली पेज आणि प्लांट मुंबईत आले होते. कुलाब्याच्या एका क्लबात त्यांनी वाजवलं आणि स्टुडिओत मुंबईच्या वादकांना घेऊन दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली, 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स'. त्यातलं दुसरं पाच आणि सहा मात्रांमध्ये सतत पाय बदलतं. ही ध्वनिमुद्रणं त्रेचाळीस वर्षं कपाटात पडून होती. २०१५ साली 'कोडा'च्या विस्तारित आवृत्तीत ती निघाली, 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' या नावाने.

दुसरी, नाव नसलेली चौथी तबकडी, नोव्हेंबर १९७१. मुखपृष्ठावर ना बँडचं नाव, ना तबकडीचं. आत फक्त चौघांची चार चिन्हं. आमच्या नावावर विकू नका, संगीत ऐका, असा हा हट्ट. कंपनी धास्तावली होती म्हणतात. अमेरिकेत आजवर हिच्या दोन कोटी चाळीस लाख प्रतींची अधिकृत नोंद झाली आहे. हिच्यावरचं 'स्टेअरवे टू हेवन' तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. गिटार शिकणारं पोर शेजारी राहत असेल तर नक्कीच. या गाण्यावरही खटला झाला. स्पिरिट या बँडच्या 'टॉरस'शी सुरुवात मिळते असा दावा होता. २०१४ साली सुरू झालेलं हे प्रकरण २०२० साली संपलं आणि निकाल लेड झेपेलिनच्या बाजूने लागला. उतरत्या सुरांची ती वाट कुणा एकाच्या मालकीची नाही, असं मलाही वाटतं.

पण माझ्यासाठी ही तबकडी शेवटच्या गाण्यासाठी आहे, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. हँपशायरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या दगडी वास्तूत जिन्याच्या तळाशी बॉनमचे ड्रम मांडले आणि मायक्रोफोन वरच्या मजल्यावरून खाली सोडले. तो आवाज वाड्याच्या चौकात कुणी नगारा वाजवावा तसा घुमतो. मूळ गाणं १९२९ सालचं, कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी या जोडप्याचं, १९२७ साली मिसिसिपीला आलेल्या महापुरानंतरचं. आणि या वेळी तबकडीवर चौघांच्या नावांशेजारी पाचवं नाव छापलं आहे, मेम्फिस मिनी. ती तेव्हा हयात होती, १९७३ साली वारली. जो मॅकॉयचं नाव राहिलं ते राहिलंच. पण दोन वर्षांपूर्वी जे करवलं नाही ते इथे केलं. त्याने गाण्याचा एक कणही कमी झाला नाही. उलट पुराच्या त्या आवाजामागे एक बाई उभी आहे हे ऐकणाऱ्याला कळलं.

मग पहिला क्रमांक कुणाला? 'फिजिकल ग्राफिटी', फेब्रुवारी १९७५. दोन तबकड्या, पंधरा गाणी. आठ नवी, सात आधीच्या तबकड्यांतून उरलेली. मुखपृष्ठावर न्यूयॉर्कमधली एक चाळवजा इमारत आणि तिच्या खिडक्या खरोखरच कापलेल्या. आतला कागद सरकवला की खिडकीतली माणसं बदलतात. ही तबकडी ऐकणं म्हणजे त्या इमारतीत फिरणं आहे. एका खोलीत ब्लूज, दुसऱ्या खोलीत साधी गिटार, गच्चीवर काहीतरी अरबी.

ते अरबी म्हणजे 'काश्मीर'. चौघांपैकी कुणीही तेव्हा काश्मीर पाहिलेलं नव्हतं. प्लांटला शब्द सुचले ते मोरोक्कोच्या दक्षिणेकडच्या वाळवंटातल्या न संपणाऱ्या रस्त्यावर. साडेआठ मिनिटांच्या या गाण्यात गिटार तीन-तीनच्या हिशेबाने चालते आणि ड्रम चार-चारच्या. आपल्या भाषेत सांगायचं तर बारा मात्रांनी दोघं समेवर भेटतात आणि पुन्हा आपापल्या वाटेला लागतात. बॉनम इथे जवळजवळ काहीच करत नाही. लय धरून बसतो, तबलजीने ठेका सोडू नये तसा. त्याच्या त्या संयमावर आख्खं गाणं उभं आहे.

इथेही डाग आहे, तो झाकत नाही. अकरा मिनिटांचं 'इन माय टाइम ऑफ डाइंग' हे जुनं भक्तिगीत, ब्लाइंड विली जॉन्सनच्याच परंपरेतलं, आणि नावं चौघांची. मग सहाव्या तबकडीला वेगळा न्याय का? 'टू'चा चेहराच दुसऱ्याचा होता. तिचं पहिलं, सर्वांत गाजलेलं गाणं तेच. इथे पंधरातलं ते एक आहे आणि बाकीच्या गाण्यांत ही माणसं स्वतःच्या पायांवर उभी आहेत. एवढा फरक मी करतो. तुम्हाला पटला नाही तर 'लेव्ही'वाली चौथी तबकडी वर घ्या, माझी तक्रार नाही.

आठांची ही यादी आता लांबणार नाही. १० डिसेंबर २००७ रोजी लंडनमध्ये बॉनमचा मुलगा जेसन बापाच्या जागी बसला आणि तिघांनी त्याच्याबरोबर एक मैफल केली, पण नवी तबकडी झाली नाही. आता बदलणार आहे ते आपलं ऐकणं. हल्ली फोनवर गाणी ऐकताना रचनाकाराचं नाव बघायला दोन-तीन ठिकाणी बोट लावावं लागतं, आणि बहुतेकजण लावत नाहीत. आकाशवाणीवर आजही गाण्याआधी गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावं घेतात. माझ्या घरातली तरुण मंडळी त्या निवेदनाला कंटाळतात. मी त्यांना विली डिक्सनची गोष्ट सांगतो.

आज रात्री वेळ काढा. आधी मेम्फिस मिनी आणि जो मॅकॉयचं १९२९चं 'लेव्ही' ऐका, मग १९७१चं. दोन्ही मिळून दहा-अकरा मिनिटं लागतील. नंतर क्रमवारीवर माझ्याशी अवश्य भांडा.